कोनची ठाकुरवाडी?

भाऊसाहेबांनी लाकडी फूटपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दाखव."

आमच्या शाळेच्या ऑफिसात रायगड जिल्ह्याचा नकाशा टांगलेला आहे. इतका जुना की अलिबागच्या जागी वाळवीने भोक पाडलंय आणि त्यातून भिंतीचा चुना दिसतो. त्या नकाशापुढे मला उभी केली. वय बेचाळीस. दोन पोरं मोठी झालेली. अकरा वर्षं याच ऑफिसात शिपाई. आणि हातात फूटपट्टी, पहिलीतल्या पोरीला फळ्यापुढे काढतात तशी.

"दाखव की. फार विचारतेस ना, कोनची ठाकुरवाडी, कोनची ठाकुरवाडी? दाखव नकाशात."

'कोनची' हा शब्द त्यांनी माझ्या तोंडासारखं तोंड करून म्हटला.

सोमवार होता, मधली सुट्टी. चहासाठी सगळे सर, सगळ्या बाई ऑफिसात जमलेले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांच्या खुर्चीत. आणि दारात, चिखलाच्या चपला हातात धरून, मनीषा दरवडा आणि तिचा बाप. मनीषा यंदाच दहावी झालेली. वाडीतून एवढे मार्क काढणारी पहिलीच पोर. अकरावीसाठी तिचं नाव सरकारी मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत लागलं होतं आणि कागद वेळेत गेले नाहीत म्हणून कटलं होतं. का कटलं, हे विचारायला बापलेक आले होते. उत्तर म्हणून भाऊसाहेबांनी मला नकाशापुढे उभी केली.

मी शोधलं. पळसदरी सापडली. धरणाचा निळा ठिपका सापडला. धरणाच्या वर, जिथं माझं घर आहे, तिथं नुसता हिरवा रंग.

"हितं नाय," मी म्हटलं.

भाऊसाहेब उठले. माझ्या हातातून पट्टी घेतली आणि लोणावळ्याकडे चढणाऱ्या रेल्वेच्या काळ्या रेघेवर टेकवली. तिथं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ठाकुरवाडी. घाटातलं स्टेशन.

"ही काय. सरकारने छापलीय. एकच आहे. आणि आमच्या मावशी म्हणतात, कोनची!"

सगळे हसले. विज्ञानाच्या सरांचा चहा बशीत सांडला. ज्यांचा डबा मी रोज गरम करून देते त्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मनीषा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. ते बघणं अजून माझ्या पाठीवर आहे.

आता सुरुवातीपासून सांगते.

आधी एक कबूल करते. मी वाढवून सांगणारी बाई आहे. मी सांगितलेला खेकडा उचलायला टेंपो लागतो. माझ्या दिराने आंब्यावर चढून मोबाइलची रेंज धरली आणि बोलत बसला, तो खाली उतरला तोवर त्याचं रांगतं पोरगं शाळेत जायला लागलं होतं, असं मी स्टाफरूममध्ये सांगते आणि सगळे पोट धरून हसतात. "मावशी, अजून एक," म्हणतात. मीही देते अजून एक. मला वाटायचं, मी यांना हसवते. ते माझ्यावर हसतायत की माझ्याबरोबर, हे बघायला मला अकरा वर्षं लागली.

भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांचे वडीलही याच शाळेत हेडक्लार्क होते, काका संस्थेत आहेत. ते टेबलावर हात आपटतात तेव्हा पळसदरीच्या धरणातले मासे तळाला जातात. नवे सर रुजू झाले की ते माझी ओळख करून देतात: "या आमच्या ठकुराईन." हिंदी पिक्चरमधला ठाकूर घोड्यावर बसतो, मिशीला पीळ देतो. आमचा ठाकूर कर्जत स्टेशनबाहेर शेवळं, करटोली असल्या रानभाज्या घेऊन बसतो. हा त्यातला विनोद. अकरा वर्षं तोच. शिळा झाला, बुरशी आली, तरी वाढतात.

माझं काम घंटा, पाणी, शिक्के आणि निरोप. त्यात निरोप सगळ्यात मोठं. वाड्यांवर फोन लागत नाहीत. म्हणून पोराचा दाखला, पोरीची शिष्यवृत्ती, आधार कार्डातली चूक, काहीही असलं की भाऊसाहेब खुर्चीतून मान वर न करता म्हणतात, "मावशी, निरोप दे." कागद नाही, चिठ्ठी नाही. तोंडाने सांगायचं, पायाने पोचवायचं. मी एवढी चाललेय की तेवढ्या चालण्यात दिल्लीला जाऊन, सगळ्या मंत्र्यांना झोपेतून उठवून, परत येऊन घंटा दिली असती.

आणि ठाकुरवाड्या. खालच्या गावांना नावं आहेत. पळसदरी, पोशीर, अशी धडधाकट नावं. वर डोंगराच्या कुशीला आम्ही ठाकूर राहतो, त्या सगळ्या जागांना एकच नाव. ठाकुरवाडी. आम्ही नाही ठेवलं. खालून बोट दाखवून कोणीतरी विचारलं असेल, वर कोण राहतं? ठाकूर. झालं. कर्जतपासून खालापूरपर्यंत डोंगराला लागून चालत गेलं तर दर दोन टेकड्यांना एक ठाकुरवाडी. मी जन्मले ती पोशीरकडची ठाकुरवाडी. दिली ती पळसदरीच्या वरची ठाकुरवाडी. माझी बहीण दिली ती तिसरीच. आमच्यात लग्नाची बोलणी करताना पहिला प्रश्न हाच असतो, कोनची ठाकुरवाडी? हा प्रश्न आमच्यात अडाण्याचा नाही. शहाण्याचा आहे.

नकाशाच्या त्या सोमवारच्या आदल्या सोमवारी मनीषाचा बाप शाळेत येऊन गेला होता. यादी लागली का, विचारायला. भाऊसाहेब त्याला म्हणाले होते, लागली की निरोप धाडतो. बुधवारी यादी आली. मी झाडू ठेवून घरी निघाले होते. भाऊसाहेब फोन कानाला धरून म्हणाले, "मावशी, ठाकुरवाडीला निरोप दे. मनीषा दरवडा. शुक्रवारी अकराच्या आत सगळे मूळ कागद घेऊन ये म्हणावं." मग फोनवरच्या माणसाला म्हणाले, "आडनाव बघा यांचं. दरवडा. दरोडाच की!" आणि हसले.

मी विचारलं, "कोनची ठाकुरवाडी, भाऊसाहेब?"

"किती आहेत? तुमचीच ती. सगळे एकमेकांचे सोयरे तुम्ही. पोचतो बरोबर."

"कशाचे कागद?"

"तुला काय करायचंय? निरोप्याने निरोप द्यावा."

आमच्या वाडीत एक मनीषा दरवडा आहे. लग्न होऊन आलेली, दोन लेकरांची आई. तीही आमच्याच शाळेत शिकलेली, आणि गेल्या वर्षी तिने शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागितली होती. भाऊसाहेब म्हणाले 'तुमचीच ती'. मला वाटलं, हिचा दाखला निघाला. दहावीची मनीषा खालापूरच्या अंगाला राहते, तिकडच्या ठाकुरवाडीत. पार उलट दिशेला. मी निरोप आमच्या मनीषाला दिला.

शुक्रवारी मला टपालाची पाकिटं देऊन तालुक्याला पाठवलं. इकडे आमची मनीषा साडेदहालाच शाळेत हजर. एक लेकरू कमरेवर, एक हाताला, रेशनकार्डापासून नवऱ्याच्या निवडणूक कार्डापर्यंत सगळं पिशवीत. दारावरच्या नोंदवहीत तिने नाव लिहिलं. भाऊसाहेबांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "वसतिगृहात दोन पोरं घेऊन राहणार का बाई तुम्ही?" मग हसून तिला घालवून दिलं. साडेदहाची वेळ. अकराला अर्धा तास. मूळ यादी टेबलावर. फोन हातात. शाळेच्या दारात चार मोटरसायकली उभ्या. चुकीची मनीषा आली म्हणजे बरोबरची कुठंतरी वाट बघत बसलीय, हे कळायला हेडक्लार्क असायची गरज नव्हती. वसतिगृहात एक फोन केला असता तर दुपारपर्यंत थांबले असते. केला नाही.

माझीही लाज सांगते. संध्याकाळी आमच्या मनीषाने मला गाठलं. "मावशे, तुझा भाऊसाहेब माज्यावर हसला गं," म्हणाली. रडवेली झाली होती. आणि मी काय केलं? मीही हसले. अंगणात बसून चार बायकांना ती गोष्ट फुगवून सांगितली. मनीषा वसतिगृहात, नवरा खिडकीतून भाकरी टाकतोय, लेकरं वॉर्डनबाईला आजी म्हणतायत. सगळी वाडी हसली. ती उठून घरात गेली. भाऊसाहेबांचा आवाज माझ्याच तोंडातून निघत होता आणि मला ऐकू येत नव्हता.

शनिवारी सकाळी पाणी भरताना डोक्यात लख्ख झालं. मी कळशी तिथंच ठेवली, भाऊसाहेबांकडे गेले. "भाऊसाहेब, ती खालापूरकडची मनीषा. तिला निरोपच नाय गेला."

"बघतो मी. तू पाणी भर."

मी पाणी भरलं. हे मी माझ्या नावावर लिहून ठेवलंय. मी पाणी भरलं.

मग तो सोमवार. नकाशा, पट्टी, हसणं. हसणं संपल्यावर मोठ्या बाईंनी वसतिगृहाच्या गृहपाल बाईंना फोन लावला. बोलणं झालं, फोन ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, शाळेची चूक झाली असं शाळेने लेखी दिलं तर बुधवारपर्यंत जागा धरून ठेवतील. नाहीतर पुढच्या नंबरला देतील.

सोपं होतं. एक ओळ. शाळेची चूक झाली.

भाऊसाहेबांनी कॉम्प्युटरवर पत्र केलं. छापून मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. सगळ्यांसमोरच. "सदर विद्यार्थिनीच्या पालकांना वेळेत निरोप देऊनही, पालकांच्या उदासीनतेमुळे कागदपत्रे प्राप्त झाली नाहीत." खाली मोठ्या बाईंच्या सहीची जागा. तिच्या खाली, निरोप देणार: शिपाई. माझ्या सहीची जागा.

"कोणावरच काही नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "मावशी, तुमच्यावरही येणार नाही. करून टाका सही."

भाऊसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "नाही केलीस तर निरोप चुकवला म्हणून तुझ्यावर जाईल. अजून कायम नाहीस तू."

मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू? टोपण काढलं. अकरा वर्षं कायम होण्याची वाट बघतेय. बाईंचा आवाज मऊ होता, आणि मऊ आवाजाची मला फार सवय नाही.

तेवढ्यात दारातून मनीषाच्या बापाने पोरीला विचारलं, "उदासीनता म्हंजे काय गं?"



मनीषा म्हणाली, "म्हंजे तुमाला माजी पर्वा नाय, बाबा."

"आसं लिवलंय?"

"हा."

त्या माणसाने हातातल्या चपला खाली ठेवल्या. सदऱ्याची बटणं काढायला लागला. मला कळेना काय करतोय. सदऱ्याच्या आतून, छातीला दोरीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी काढली. पावसात भिजू नये म्हणून छातीला बांधून आणलेली. तिच्यात दुसरी पिशवी. तिच्यात पोरीचे कागद. गुणपत्रक, जातीचा दाखला, सगळे मूळ, एकही घडी न पडलेले. माझ्या साड्यासुद्धा मी एवढ्या जपून ठेवल्या नाहीत.

"मी मागल्या सोमवारीबी आल्तो, सायेब," तो म्हणाला. "तुमी बोल्ला, निरोप धाडतो. मी घरीच बसलो. कामाला नाय गेलो. निरोप चुकंल म्हनून."

हा उदासीन बाप.

मी पेनाला टोपण लावलं. "मी सही करनार नाय."

"मावशी, ताणू नका," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हिचं काय ऐकता बाई," भाऊसाहेब म्हणाले. "हिच्या गप्पा तुम्हाला माहीत नाहीत? हिचा खेकडा टेंपोएवढा असतो. उद्या म्हणेल, निरोप घेऊन विमानाने गेले होते."

पुन्हा दोघेतिघे हसले. आणि तिथं माझ्या आत काहीतरी चिरलं. माझ्या गोष्टी. ज्या मी यांना चहाबरोबर वाढल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या, माझ्यावर फेकायला. ही बाई थापाडी आहे, हिच्या तोंडचं कोण खरं धरतं? तोंडाचं काम मला यासाठीच दिलेलं. तोंडाने सांगितलेल्याला पुरावा नसतो. चूक झाली की ती उतरत उतरत शेवटच्या तोंडाशी येते, आणि शेवटचं तोंड कायम माझं.

मग मी तोंड बंद केलं. ज्या खुर्च्या मी अकरा वर्षं पुसतेय त्यातली एक ओढली आणि बसले. ऑफिसात पहिल्यांदा. भाऊसाहेबांच्या टेबलावरून दोन कोरे कागद घेतले. मी बारावी पास आहे. हे त्यांना माहीत आहे, माझ्या अर्जावर त्यांचीच सही आहे. पण बारावी पास बाईने झाडू मारला की ती हळूहळू अडाणी दिसायला लागते.

मी खुलासा लिहिला. त्यात एक शब्द फुगवला नाही. जन्मात पहिल्यांदा. बुधवारी काय सांगितलं गेलं, मी काय विचारलं, काय उत्तर मिळालं. निरोप मी चुकीच्या मनीषाला दिला, हेही लिहिलं. शुक्रवारी साडेदहाला कोण आलं, नोंदवहीच्या कोणत्या पानावर तिचं नाव आहे, तिला काय बोलून घालवलं. शनिवारी मी काय सांगितलं. आणि शेवटी मला चालून माहीत असलेल्या सगळ्या ठाकुरवाड्या लिहिल्या. पळसदरीच्या वरची. पोशीरकडची. खालापूरच्या अंगाची. घाटातल्या स्टेशनची. अशा अकरा झाल्या. प्रत्येकीला किती चालावं लागतं, वाटेत ओढा आहे का, तेही लिहिलं. खाली लिहिलं: "यांपैकी कोणती, हे मला सांगितले नव्हते. मी विचारले होते." बोलताना माझा 'न' होतो. लिहिताना मी 'ण' काढला. दांडी नीट ओढून.

मग उठले आणि कपाटातून आवकचा शिक्का काढला. शाळेकडे आलेल्या प्रत्येक कागदावर हा शिक्का बसतो, रजिस्टरात नंबर पडतो, मग तो कागद आलाच नाही असं कोणाला म्हणता येत नाही. शिक्का मारणं माझंच काम.

"शिक्क्याला हात लावायचा नाही!" भाऊसाहेब ओरडले. धरणातले मासे गेले असतील तळाला.

"अकरा वर्सं कोनाचा हात लागत व्हता?" मी म्हटलं.

आणि मारला. असा मारला की टेबलावरचे कप नाचले. हे वाढवून सांगत नाही, विज्ञानाच्या सरांना विचारा, त्यांचा उरलेला चहाही बशीत आला. आवकचं रजिस्टर उघडलं, शेवटचा नंबर बघितला, त्याच्या पुढचा नंबर माझ्या हाताने लिहिला. विषय: शिपाई यांचा खुलासा. दोन्ही प्रतींवर शिक्का. एक मोठ्या बाईंपुढे ठेवली. एक घडी करून ब्लाऊजमध्ये.

भाऊसाहेब म्हणाले, "महाग पडेल." मोठ्या बाईंनी माझा कागद उलटा ठेवला.

आता तुम्हाला वाटत असेल, जागा मिळाली. नाही मिळाली. बुधवारी शाळेतून पत्र गेलं. त्यात उदासीनता नव्हती. माझा खुलासाही नव्हता. "तांत्रिक अडचणीमुळे" असं लिहिलेलं होतं. तांत्रिक अडचण म्हणजे कोणाचीच चूक नाही, आणि कोणाचीच चूक नाही म्हणून जागा पुढच्या नंबरला गेली. ती पोरही कोणाची तरी गरिबाचीच असणार, तिच्यावर माझा राग नाही.

मनीषा आता वाडीतून दीड तास चालते, मग सहा आसनी रिक्षात आठवी बसते, मग कॉलेजात पोचते. ओढ्याला पाणी आलं की त्या दिवशी नाही पोचत. मी तिच्या बापाला घेऊन आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात गेले. तक्रारीचा अर्ज दिला, शिक्क्याची प्रत दाखवली. तिथल्या साहेबांनी पुन्हा या म्हटलं. गेलो. पुन्हा या म्हटलं. पुन्हा गेलो. आम्ही चालणारी माणसं आहोत. त्यांची खुर्ची झिजेल, आमचे पाय नाही झिजणार.

आमच्या वाडीतल्या मनीषाकडेही गेले. अंगणात, ज्या चार बायकांसमोर तिची गोष्ट केली होती, त्यांच्यासमोर म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं मावशे." राहू देणार नाही. नोंदवहीतलं तिचं नाव माझा साक्षीदार आहे. प्रकल्प कार्यालयात आमच्या अर्जाची सुनावणी लागेल तेव्हा ती येणार आहे. दोन्ही लेकरं घेऊन.

मला मेमो मिळाला आहे. मी अजून कायम नाही. आता होणारही नाही बहुतेक. स्टाफरूममध्ये मला "मावशी, अजून एक" कोणी म्हणत नाही, आणि म्हटलं तरी मी देणार नाही. माझे खेकडे माझ्या वाडीसाठी. इथं मी मोजून बोलते.

काल भाऊसाहेबांनी मान वर न करता म्हटलं, "मावशी, ठाकुरवाडीला निरोप दे."

मी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. कागदावर फूटपट्टी ठेवली. तीच, लाकडी.

"कोनची ते लिवा," मी म्हटलं. "गाव, तालुका, पोराचं पूर्ण नाव, बापाचं पूर्ण नाव, काम काय ते. खाली सही. तुमची."

"वेड लागलंय का तुला?"

मी जावकचं रजिस्टर उघडून शेजारी ठेवलं. वीस मिनिटं उभी होते. घंटेची वेळ झाली तेव्हा जाऊन घंटा दिली, आणि परत येऊन त्याच फरशीवर उभी राहिले. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून निरोप गेला नाही. तो कागद कोरा आहे. मी त्यावर तारीख टाकलीय आणि ठेवून दिलाय. आजही ठेवला. उद्याही ठेवीन. यापुढे या शाळेचा एकही निरोप माझ्या तोंडाने जाणार नाही. जाईल तो कागदाने, त्यांच्या अक्षरात, आमच्या वाडीच्या पूर्ण पत्त्यावर. नाहीतर त्यांनी स्वतः चालत जावं, आणि पहिल्या टेकडीवर दोन पायवाटा फुटतात तिथं उभं राहून, समोर येईल त्या माणसाला विचारावं, कोनची.